शनिवारची भेट

पुनावळ्याच्या अंडरपासपाशी शनिवारी सकाळी तुंबलेल्या गाड्यांमध्ये एखादी अशी असते, की जिच्या मागच्या सीटवर स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड मसुदा पडलेला असतो. गाडी चालवणारा माणूस चाळिशीच्या आसपासचा. ताथवडे, रावेत किंवा आकुर्डीच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारा, नाहीतर चाकणच्या कारखान्यात डिझाइन विभागात असलेला. आठवडाभर नोकरी, शनिवारी पीएचडी. गुरुवारी रात्री त्याने गाइडना मेसेज टाकला आहे, ‘सर, शनिवारी अकराला आलो तर चालेल का?’ दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारणं बरं दिसत नाही, म्हणून तो तसाच निघाला आहे. सर भेटले तर भेटले. नाही भेटले तर विभागाबाहेरच्या बाकावर बसायचं, दोनच्या सुमारास परत फिरायचं आणि घरी सांगायचं की आज सर मीटिंगमध्ये होते.

1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं तेव्हा पुनावळे हे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. एका अंगाला हिंजवडीच्या आयटी कंपन्या, दुसऱ्या अंगाला ताथवडे-रावेतच्या शिक्षणसंस्था आणि पलीकडे चाकणचे वाहन कारखाने. या तिन्हींच्या मधोमध सापडल्यामुळे गावाच्या शिवारात टॉवर उभे राहिले आणि त्यात राहायला आली नोकरी करता करता शिकणारी माणसं. कुणाला बढतीसाठी पीएचडी हवी असते, कारण एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागते. कुणाला कारखान्यात वर्षानुवर्षं भेटणाऱ्या एखाद्या बिघाडाचं मूळ खरोखरच शोधायचं असतं. देशभरात पीएचडीला नाव नोंदवलेले विद्यार्थी 2014-15 मध्ये 1 लाख 17 हजार होते, ते 2021-22 मध्ये 2 लाख 12 हजारांवर गेल्याचं केंद्र सरकारचं उच्च शिक्षण सर्वेक्षण सांगतं. विद्यार्थी सात वर्षांत इतके वाढवता येतात. चांगला गाइड घडायला त्याहून जास्त वर्षं लागतात.

नियमांची कमतरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी पीएचडीचे नवे नियम लागू केले. त्यानुसार कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6 वर्षं. प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करणाऱ्याला मालकाचं ना-हरकत पत्र हवं, आणि त्या पत्रात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं मालकाने लिहून द्यायला हवं. प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून प्रगती सांगायची. प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जायचा.

या सगळ्यात किती, कधी आणि कोण ते आहे. कसं, ते नाही. गाइडने महिन्यातून किती वेळा भेटावं? दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत करावं? पेपरवर पहिलं नाव कुणाचं? गाइडचं म्हणणं पटलं नाही तर ते कुठल्या शब्दांत सांगायचं? गाइडने कॉलेजच्या नॅकच्या फाइलचं काम सांगितलं तर नाही म्हणता येतं का? पीएचडी करणाऱ्या माणसाची झोप या प्रश्नांनी उडते आणि यांतल्या बहुतेकांचं उत्तर कुठेही लिहिलेलं नसतं. ते उत्तर सरांच्या मनात असतं आणि स्कॉलरने ते ओळखायचं असतं.

यात सर्वांत खटकणारी गोष्ट अशी, की हाच माणूस सोमवारी चाकणला किंवा भोसरीला कामावर गेला की वेगळा वागतो. तिथे ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर नसेल तर तो ते हातात धरत नाही. पुरवठादाराने तोंडी सांगितलेला बदल तो मानत नाही. बदलाची चिठ्ठी हवी, त्यावर सही हवी, तारीख हवी. सकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या मीटिंग होते आणि कोणतं काम कुणाकडे, कधीपर्यंत, हे फळ्यावर चढतं. मीटिंग संपल्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘एमओएम टाक’, म्हणजे बैठकीत काय ठरलं ते लिहून पाठव. एक भाग नापास झाला तर दोष कुणाचा यापेक्षा दोष शिरला कुठून, याचा माग काढायची रीत आहे. शनिवारी विभागात पाऊल टाकलं की हे सगळं शहाणपण दाराबाहेर राहतं. गेल्या खेपेला सर नेमकं काय म्हणाले होते, नमुन्यांची संख्या वाढवायची की कमी करायची, हे तो आठवून आठवून सांगतो आणि सर म्हणतात, ‘मी असं म्हणालोच नव्हतो.’ दोघेही खरं बोलत असतात. मधल्या दीड महिन्यात दोघांच्याही डोक्यातून शंभर गोष्टी गेलेल्या असतात.

कारखान्याची रीत जशीच्या तशी संशोधनाला लावावी, असं इथे म्हणायचं नाही. संशोधनाला टॅक्ट टाइम, म्हणजे एक नग काढायचा ठरलेला वेळ, नसतो. नऊ महिने केलेला प्रयोग फसतो, आणि तो फसला हीच कधी कधी सगळ्यात मोलाची नोंद असते. कारखान्यात तिला रिजेक्शन म्हणतात. पुढे काय सापडणार हे आधी माहीत असेल तर ते संशोधनच नव्हे. पण जिथे निष्कर्ष अनिश्चित असतो, तिथे निदान वागण्याची पद्धत निश्चित असायला हवी. प्रयोग फसेल ही भीती पुरेशी आहे. सर रागावतील का, ही भीती तिच्यावर आणखी कशाला?

आता यावर जो आक्षेप येतो तो हलका नाही. गाइड म्हणजे गुरू, त्याच्याशी कागद कसले करायचे, असं अनेकांना मनापासून वाटतं. देहू आणि आळंदी ज्या पट्ट्यात आहेत, तिथे गुरू हा शब्द सहज वापरून टाकण्यासारखा नाही. शिष्याने सगळं सोपवून द्यावं आणि गुरूने त्याला पलीकडे न्यावं, या कल्पनेत जी ऊब आहे ती खरी आहे. चांगल्या गाइडबद्दल बोलताना वयाने साठीला आलेल्या प्राध्यापकांचाही आवाज हळवा होतो. पण भक्तीत शिष्य गुरूची चूक काढत नाही, आणि पीएचडीचं तर कामच मुळी आधी कुणीतरी म्हटलेलं तपासून पाहण्याचं. जो स्कॉलर गाइडचं वाक्य तपासू शकत नाही, तो दुसऱ्या कुणाचं काय तपासणार? तेव्हा या नात्याची कसोटी शोधायची तर मतभेदाच्या प्रसंगी शोधावी लागते. मराठी माणसांच्या इतिहासात असे प्रसंग आहेत आणि ते फार बोलके आहेत.

ऑक्टोबर 1922 मध्ये भीमराव आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डीएस्सीसाठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन त्यांचे प्राध्यापक होते. लंडनला एडविन कॅनन. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर आंबेडकरांनी केलेली टीका परीक्षकांना बोचली आणि प्रबंध फेरलेखनासाठी परत आला. पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले आणि इथून प्रबंध पुन्हा लिहून पाठवला. भाषा मवाळ केली, निष्कर्ष तेच ठेवले. 1923 मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने काढला. प्रस्तावना कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन स्पष्ट सांगतात की लेखकाचे बरेचसे मुद्दे आपल्याला मान्य नाहीत. आणि त्याच ओघात ते या विचारांतल्या ताजेपणाला दाद देतात, काही ठिकाणी लेखकाचा घाव अचूक बसल्याचंही कबूल करतात.

शिक्षकाला विद्यार्थ्याचं म्हणणं पटलेलं नाही, तरी तो त्याच्या पुस्तकाला आपलं नाव जोडतो आणि न पटल्याचं त्याच पानावर छापतो. विद्यार्थीही ती प्रस्तावना नाकारत नाही. दोघांपैकी कुणीही आपलं मत दुसऱ्याच्या मनासाठी वाकवलं नाही. सेलिग्मन यांच्याशी असलेलं नातंही असंच पदवीपुरतं नव्हतं. 1925 मध्ये आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ आला तेव्हा त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांनी लिहिली. एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या विद्यार्थ्याला परदेशात दोन असे शिक्षक मिळाले, ज्यांना त्याच्याकडून होकारापेक्षा युक्तिवाद हवा होता. इकडे एखाद्या विभागात प्रबंधातलं एक परिशिष्ट गाइडच्या जुन्या पेपरच्या विरोधात जातं म्हणून ते गाळायला सांगितलं जातं, तेव्हा 1923 ची ती प्रस्तावना काढून वाचावी.

दुसरी गोष्ट इतकी सुखाची नाही. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली 1928 मध्ये एमए झालेल्या इरावती कर्वे त्याच वर्षी जर्मनीला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा विरोध होता, पती दिनकर पाठीशी होते. बर्लिनमध्ये त्यांना गाइड मिळाले ऑयगन फिशर, कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक. या माणसाच्या वंशविषयक लिखाणाचा पुढे नाझींनी आधार घेतला. त्यांनी इरावतीबाईंपुढे 149 कवट्या ठेवल्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण असमान असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, हे गृहीतक तपासायचं होतं. म्हणजे गाइडच्या मनात सिद्ध करायचं होतं. बाईंनी मोजमापं घेतली. असमानता सर्वत्र आढळली, वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. तसं त्यांनी लिहून दिलं. फिशर यांनी त्यांना कमी श्रेणी दिली. पदवी मात्र मिळाली, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जे काम उभं केलं, त्यापुढे त्या श्रेणीचं महत्त्व कुणाला आठवतही नाही.

कवट्या समोर होत्या, कॅलिपर हातात होता, आकडे आपले होते: तिशीही न गाठलेल्या, परक्या देशात परक्या भाषेत शिकणाऱ्या बाईला एवढ्याच आधारावर उभं राहता आलं. आज गाइडशी मतभेद झालेल्या स्कॉलरला पहिला प्रश्न हाच विचारावा की तुझ्या नोंदी पक्क्या आहेत का? प्रयोगवहीत तारखा आहेत का, कच्चा डेटा जपून ठेवला आहे का? नोंद असली की मतभेदाचं भांडण होत नाही, तो मुद्दा होतो. फिशरांसारखा गाइड त्यानेही बधत नाही, पण अशा गाइडपुढेही नोंदी असलेला माणूस उभा राहू शकतो.

तिसरं उदाहरण आपल्या शनिवारच्या माणसाच्या वाटेवरचंच आहे. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये ती उभी केली. नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी. विश्व सदा असंच आहे, ते महास्फोटातून जन्मलेलं नाही, असा हॉइल यांचा स्थिर-स्थिती सिद्धांत. 1961 च्या फेब्रुवारीत मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून या सिद्धांताला धक्का देणारा पुरावा लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत मांडायचं ठरवलं. हॉइल यांचं त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान ठरलेलं होतं. त्यांनी उत्तर द्यायला नारळीकरांना उभं केलं. वय 22, संशोधनाचं पहिलंच वर्ष. आधी काही दिवस दोघांनी मिळून उत्तराची मांडणी पक्की केली, आकडेमोड तपासली, आणि मग हॉइल बाजूला झाले. नवख्या विद्यार्थ्यावर असा भरवसा टाकणं आणि त्याआधी त्याची तयारी करून घेणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. आपल्याकडे यांतली एकच होते. कुणी तयारी न करता परिषदेला पाठवतो, कुणी तयारी करून घेतो आणि व्यासपीठावर स्वतःच चढतो.

स्थिर-स्थिती सिद्धांत पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी सोडला. नारळीकरांनी सोडला नाही. 1990 च्या दशकात हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली. आता पुढचं पाहण्यासारखं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत नारळीकरांकडे पीएचडी केलेले थाणू पद्मनाभन महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे मोठे विश्वशास्त्रज्ञ झाले. विश्वातल्या रचना कशा घडल्या यावरचं त्यांचं 1993 मधलं पाठ्यपुस्तक त्याच चौकटीत लिहिलेलं आहे. आणि गुरू-शिष्य दोघेही आयुकाच्या एकाच आवारात वर्षानुवर्षं काम करत राहिले. विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या सिद्धांताची पालखी उचलावी, अशी अट नारळीकरांनी घातली असती तर मराठी मुलखातल्या विज्ञानाचं किती नुकसान झालं असतं याचा विचार करावा.

कागदावर लिहिलं की सगळं सुधारतं, असंही मानायला नको. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट धरल्यावर अटींवर घेतलं: एक वर्ष परीक्षेवर राहायचं, समाधान झालं तरच काम मान्य, संस्थेतल्या पुरुषांच्या कामात व्यत्यय यायला नको. अटी अगदी स्पष्ट होत्या आणि त्या अन्यायाच्या होत्या, कारण त्या एकाच बाजूने ठरवल्या होत्या. केंब्रिजला मात्र डेरेक रिक्टर यांनी दिवसा काम करायला स्वतःचं टेबल दिलं. तिथेच 1939 मध्ये कमलाबाईंनी पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक. तेव्हा बोलून ठरवायचं म्हणजे दोघांनी बोलायचं. गाइडच्या टेबलावरून आलेला छापील नियमांचा कागद खाली सही करून परत देणं, याला ठरवणं म्हणत नाहीत.

तरीही लिहून ठेवण्याचा आग्रह सोडता येत नाही, आणि त्याचं खरं कारण वेगळं आहे. न लिहिलेले नियम सगळ्यांना सारखे ठाऊक नसतात. ज्याच्या घरात आई किंवा वडील प्राध्यापक आहेत, त्याला सिनॉप्सिस कधी द्यायचा, आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, काय बोलायचं, सरांना कधी फोन करायचा, ‘बघू’ म्हणजे हो की नाही, हे जेवणाच्या ताटावर कळतं. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांच्या शिष्यवृत्तीवर पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्या मुलीला ते कोण सांगणार? तिला वाटतं, सर बोलत नाहीत म्हणजे आपलंच काम वाईट आहे. ती मसुदा आणखी महिनाभर घरी ठेवते. शिष्यवृत्तीच्या मुदतीतला तो महिना परत येत नाही. ‘आमच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं होतं?’ हे वाक्य विभागांमध्ये फार अभिमानाने उच्चारलं जातं. ज्यांना कुणी सांगितलं नाही आणि जे म्हणून अर्ध्यात सोडून गेले, ते तिथे बोलायला हजर नसतात.

जगभर चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे. ‘नेचर’ या नियतकालिकाने 2019 मध्ये सहा हजारांहून अधिक पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी केली. 36 टक्के लोकांनी पीएचडीमुळे आलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचं सांगितलं आणि जवळजवळ निम्म्यांना गाइडबरोबर आठवड्यात एक तासही मिळत नव्हता. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 32 टक्के विद्यार्थी मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर आढळले, आणि गाइड कसा वागतो याचा त्याच्याशी संबंध दिसला. बव्हंशी पूर्णवेळ विद्यार्थ्यांची ही अवस्था. नोकरी, मुलांची शाळा, गृहकर्जाचा हप्ता आणि बायपासची कोंडी सांभाळून पीएचडी करणाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गाइडची बाजू मांडल्याशिवाय हे बोलणं अन्यायाचं होईल. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. त्यात प्रवेशाचं काम, परीक्षेचं काम, नॅक आणि एनबीएच्या फाइली. चारपर्यंत स्कॉलर, प्रत्येकाचा विषय निराळा. मार्गदर्शनाचा वेळ कुठल्याही वेळापत्रकात धरलेला नसतो. तो जेवणाच्या सुट्टीतून, रविवारमधून, घरच्यांच्या वाट्यातून काढावा लागतो. आणि स्कॉलरही नेहमी साधा नसतो. आठ महिने गायब राहून प्रगती अहवालाच्या आदल्या रात्री चाळीस पानं मेल करणारे असतात. इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद जसेच्या तसे ठेवणारे असतात, आणि साहित्यचौर्याचा अहवाल वाईट आला की सॉफ्टवेअर बदलून बघू म्हणणारेही. गाइडचं नाव त्या प्रबंधावर असतं. त्याची चीड समजण्यासारखी आहे. पण चीड मनात ठेवून सही रोखून धरणारा गाइड आणि ‘तुमचं हे काम मला चालणार नाही, याची ही कारणं’ असं लिहून कळवणारा गाइड, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याने स्कॉलर खचतो. दुसऱ्याने तो चिडतो आणि कामाला लागतो.

सगळ्यात अवघड अवस्था असते ती गाइड आणि विभागप्रमुख एकच असणाऱ्यांची, आणि पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांत असं सहज घडू शकतं. सकाळी ज्याने तासिकांचं वाटप केलं, दुपारी तोच प्रकरण वाचणार, मार्चमध्ये तोच गोपनीय अहवाल भरणार. अशा ठिकाणी मतभेद पोटावर येतो. शक्य असेल तिथे गाइड दुसऱ्या संस्थेतला घ्यावा, नाहीतर सहमार्गदर्शक तरी बाहेरचा असावा. कारखान्याशी जोडलेला विषय असेल तर हे सोपंही जातं. रसायन अभियांत्रिकीत मुंबईच्या तेव्हाच्या यूडीसीटी या संस्थेत मनमोहन शर्मा यांनी उद्योगांचे खरे प्रश्न प्रयोगशाळेत आणले आणि त्यातून विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. रघुनाथ माशेलकर त्यांतलेच. प्रश्न बाहेरून आलेला असला की तो गाइडच्या मालकीचा राहत नाही. दोघेही त्याच्या एका बाजूला उभे राहतात.

पेपरवरच्या नावांचं मात्र पहिल्या प्रयोगाआधीच बोलून घ्यावं, कारण नंतर ते कुणालाच नीट बोलता येत नाही. काम कुणी केलं, लिहिलं कुणी, कल्पना कुणाची, यावरून क्रम ठरावा आणि तो दोघांच्या मेलमध्ये असावा. ज्याने प्रयोगशाळेचं कुलूप उघडून दिलं त्याचं नाव पेपरवर घालण्याची चाल जिथे रुजली असेल, तिथे ती थांबायला हवी. पैशांचा विषय तर याहून खालचा. प्रबंधासाठी पैसे मागणाऱ्यांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आलेल्या आहेत. तिथे नात्याची चर्चा संपते आणि फौजदारी कायदा सुरू होतो. भेट विभागातच, कामाच्या वेळेत व्हावी, घरी किंवा हॉटेलात नको, हेही स्त्री संशोधकांच्या बाबतीत संकोच न करता म्हटलं पाहिजे.

स्वीडनमध्ये प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याची वैयक्तिक अभ्यास-योजना लिहिली जाते आणि ती ठरावीक काळाने तपासून सुधारली जाते; गाइड किमान दोन असतात, आणि विद्यार्थ्याने मागितलं तर गाइड बदलून मिळणं हा त्याचा हक्क आहे. आपल्याकडे गाइड बदलणं म्हणजे घटस्फोटासारखं कुजबुजीचं प्रकरण. सल्लागार समिती आहे, पण तिचा निमंत्रक गाइडच असतो. ज्याच्याबद्दल सांगायचं, त्याच्याच समोर सांगायचं! नियम बदलण्याची वाट न बघताही एवढं करता येईल: प्रत्येक सत्राच्या बैठकीत शेवटची दहा मिनिटं गाइडने बाहेर जायचं आणि उरलेल्या दोघा-तिघांनी स्कॉलरला विचारायचं, मसुदा किती दिवसांत परत येतो, भेट किती वेळा होते, काही अडतंय का. पुढची दहा मिनिटं स्कॉलरने बाहेर जायचं आणि हेच गाइडला विचारायचं. खर्च काही नाही.

आणि त्याचीही वाट न बघता, शनिवारी विभागातून परतलेल्या माणसाला एक गोष्ट आज रात्रीच करता येते. तो मेल उघडतो. ‘सर, आज आपण ठरवलं ते असं: नमुने 30 वरून 45 करायचे, तिसरं प्रकरण मी नव्याने लिहून 10 तारखेला देतो, घर्षणाच्या गुणांकाबद्दल तुमचं आणि माझं मत वेगळं आहे, त्यासाठी पुढच्या वेळी दोन्ही पद्धतींचे आकडे आणतो. काही चुकलं असल्यास कळवा.’ पाठवायच्या आधी तो ते तीनदा वाचतो, ‘मत वेगळं आहे’ खोडतो, पुन्हा लिहितो. सोमवारी सकाळी शॉप फ्लोअरवर असताना फोन थरथरतो. ‘नमुने 40 पुरतील. बाकी ठीक. प्रकरण 25 पर्यंत वाचतो.’